माळढोक न पाहिलेले काका

सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या बाजारात काका मासळीच्या गाळ्यासमोर उभे राहिले की मागची रांग आपोआप शेजारच्या गाळ्याकडे सरकायची. ते मासा उचलायचे, कल्ले बोटाने उघडायचे, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहायचे, मग मासा उलटा करून दुसऱ्या डोळ्यात पाहायचे. गाळ्यावरची चिनी बाई त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होती.

"अंकल, फ्रेश लाह. आय टेल यू फ्रेश."

"यू टेल, आय हिअर," काका म्हणायचे. "नाऊ आय सी."

एकदा ती वैतागून म्हणाली, "अंकल, यू बाइंग द फिश ऑर मॅरीइंग द फिश?"

काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "लग्नाच्या वेळी एवढं बघायला दिलं असतं तर काय पाहिजे होतं."

काकू पिशवी धरून बाजूलाच उभ्या होत्या. "मलाही नव्हतं दिलं," त्या म्हणाल्या. "नाहीतर आज मी इथे नसते."

काका बंदरात सर्व्हेअर होते. जहाजात धान्य भरण्याआधी कोणीतरी त्याच्या पोटातल्या मोठ्या कोठारांत उतरून ती कोरडी आणि स्वच्छ आहेत का ते पाहायचं असतं आणि मग कागदावर सही करायची असते. ते काम काकांचं. उभी लोखंडी शिडी, हातात बॅटरी, खिशात पांढरा रुमाल. भिंतीवरून रुमाल फिरवायचा आणि उजेडात धरून पाहायचा. एकदा काकांच्या अंगात ताप असताना एका कप्तानाने त्यांना वरच जेवायला बसवलं आणि सांगितलं, मागच्याच आठवड्यात सगळं तपासलंय, तुम्ही नुसती सही करा. काका जेवले, आभार मानले आणि खाली उतरले. शिडीच्या मागच्या कोपऱ्यात हातभर ओल निघाली. ही गोष्ट त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी शेवट एकच असायचा: "कप्तान खोटं बोलत नव्हता. त्यालाही कोणीतरी सांगितलं होतं."

म्हणून त्यांच्यासमोर कुठलीही बातमी सांगितली की पहिला प्रश्न यायचा, "पाहिलं की ऐकलं?" एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बंद आहे म्हटलं, तरी. पलीकडच्या ब्लॉकमधल्या कुलकर्ण्यांना मुलगा झाला म्हटलं, तरी. फोनवर पावसाचं चित्र दिसत असलं तरी काका स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढायचे, आणि तळहात ओला झाला की मगच काकूंना वाळत घातलेले कपडे आत घ्यायला सांगायचे. तोवर ते भिजलेले असायचे.

घरातला रोजचा प्रसंग गॅसचा. चहा झाला की काकू आतून सांगायच्या, "गॅस बंद केला हो." काका पेपर खाली ठेवायचे, उठायचे, आत जाऊन बटणाला हात लावायचे आणि परत येऊन बसायचे. मी त्यांच्याकडे राहिलो ती तीन वर्षं यात एक दिवस खंड पडला नाही. एकदा मी काकूंना विचारलं, तुम्ही सांगताच कशाला? नाही सांगितलं तरी ते उठणारच. काकू म्हणाल्या, "मी सांगते ते माझ्यासाठी. एक दिवस उठणार नाहीत, तो दिवस मला कळायला हवा."

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून आलो तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. वडील एसटीच्या डेपोत मदतनीस. माझं शिक्षण करमाळ्याला, मग सोलापूरला. पुण्यात दोन वर्षं नोकरी, आणि कंपनीने सिंगापूरला पाठवलं. सॉफ्टवेअर तपासायचं काम. ज्या दिवशी खोली बघायला गेलो त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, प्रमाणपत्रांची फाइल घेऊन गेलो होतो. काकांनी फाइल उघडलीसुद्धा नाही.

"गाव?"

"करमाळा."

त्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे माळढोकाचा मुलूख. पाहिलायस?"

इथे मला थोडं थांबून सांगायला हवं. माळढोक हा माळरानावरचा कंबरेएवढा उंच पक्षी. आमचा तालुका त्याच्या अभयारण्यात मोडायचा. त्याच्यामुळे कुणाचं बांधकाम अडलेलं, कुणाची खडीची खाण अडलेली, त्यामुळे पक्ष्याला शिव्या देणारे घरोघरी होते आणि प्रत्येक जण "मी पाहिलाय की" असं म्हणायचा. प्रत्यक्षात पाहिलेला मला कोणी भेटला नाही. मी पाहिली होती ती वनखात्याची पाटी, शाळेच्या वाटेवर, फाट्यावरची. पाटीवर डावीकडे तोंड केलेला माळढोक रंगवला होता. पेंटरला पाय जमत नसावेत, कारण गुडघ्यापर्यंत दाट हिरवं गवत होतं. असलं गवत आमच्या माळावर कधी उगवलं नाही.

पण मला खोली हवी होती. आणि आमच्याकडे त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. मी म्हटलं, "हो. लहानपणी. शाळेत जाताना."

"कसा होता?"

मी पाटीचं वर्णन केलं. काळी टोपी, पांढरी मान, तपकिरी पाठ, छातीवर काळा पट्टा. माझे कान गरम झाले होते. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सामान कधी आणतोस?"

ते खोटं तेव्हा अगदी क्षुल्लक वाटलं. पुढे काकांची वही पाहिली तेव्हा तसं राहिलं नाही.

निळ्या पुठ्ठ्याची वही होती, जहाजावरच्या नोंदींची असते तशी, आडव्या रेघांची. तारीख, ठिकाण, काय पाहिलं, सही. पहिल्या पानावर राजस्थान. खूप वर्षांपूर्वी काका-काकू एका सहलीबरोबर जैसलमेरला गेले होते. तिथून पुढे, पाकिस्तानच्या सरहद्दीच्या बाजूला, वाळवंटातलं एक राखीव रान आहे. उरलेसुरले माळढोक तिथे जपतात. सहलीवाल्यांनी जीपने नेलं. दुपारी रक्षक म्हणाला, तो बघा. जीपमधल्या सगळ्यांनी पाहिला. काकूंनी पाहिला. काकांनी नेमका तेव्हा चष्मा काढून पांढऱ्या रुमालाने पुसायला घेतला होता. चष्मा डोळ्यांवर चढेपर्यंत पक्षी गवतात शिरला.

ही गोष्ट सांगायचा हक्क काकूंचा. "नाक वर करून चालत होता," त्या सांगायच्या. "मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईसारखा. आणि हे आपले चष्मा पुसताहेत. जहाजं बघायचे ना हे, जहाजं."

वहीत त्या तारखेपुढे काकांनी लिहिलं होतं: चिंकारा दोन, खोकड एक, गिधाडं सात. माळढोक: दिसला नाही. खाली सही.

"दिसला होता," काकू म्हणायच्या. "मला दिसला होता. माझ्या शब्दावर एक ओळ लिहिली नाहीत."

"ओळ पाहणीची असते."

"मग मी काय केलं होतं, भजन?"

यावर काका पेपर उघडायचे.

त्यानंतर ते जमेल त्या हिवाळ्यात तिकडे जायला लागले. एकटेच, कारण काकूंचे गुडघे गेले होते आणि त्यांचं काम पहिल्या खेपेतच झालं होतं. "एवढ्या लांब वाळू बघायला जातात," त्या शेजारणीला सांगायच्या. "वाळू काय, इथे ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावरही आहे. वर सळीला लावून भाजलेली सातेही मिळते." काका आठवडाभर राहून काळे पडून यायचे. वहीत नवी ओळ: दिसला नाही. सही. मी त्यांच्याकडे असताना दोन वेळा असं झालं. परत आले की काका जेवणाच्या टेबलाशी बसून मला म्हणायचे, "तू नशीबवान रे करमाळकर. शाळेत जाताना पाहिलास." मी मान खाली घालून वरण कालवायचो.

एवढ्या वेळा का जाता, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "समुद्रावर आणि वाळवंटात सारखंच असतं. सगळं उघडं आहे असं वाटतं, आणि काहीच दिसत नाही. जन्मभर मी लोखंडाच्या अंधारात उतरून बघत आलो. एकदा उजेडात उभं राहून काहीतरी बघायचंय."

नोकरीतलं जे काही मला येतं ते मी त्या टेबलाशी शिकलो. पहिल्याच वर्षी मी जेवताना सहज सांगितलं की उद्या आमचं काम ग्राहकाकडे जाणार, सगळं चालतंय म्हणतात. "पाहिलंस की ऐकलंस?" मी म्हटलं, दुसऱ्या टीमने तपासलंय. काका नुसते माझ्याकडे बघत राहिले. सकाळी पहिल्या गाडीने ऑफिसात गेलो, सगळं स्वतः चालवून पाहिलं, आणि एका ठिकाणी ते कोसळलं. मॅनेजरने त्या दिवशी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. वडिलांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "त्या माणसाला माझा नमस्कार सांग." मी सांगितला. काका म्हणाले, "मीही त्यांना पाहिलेलं नाही. पण पोचला."

पुढे माझं लग्न झालं, आम्ही सिंगापुरातच सेंगकांगला फ्लॅट घेतला, मुलगी झाली. रविवारी आम्ही चोआ चू कांगला जायचो. अशाच एका रविवारी काका माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघताहेत असं मला वाटलं. मी कानावरून हात फिरवला.

"कानाला काही नाही," काकू म्हणाल्या. "त्यांना तू मधोमध दिसत नाहीस."

काकांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांची मधली जागा झिजत चालली होती. कडा दिसायच्या, मध्ये डाग. जिकडे पाहावं तेच नेमकं पुसलेलं. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली होती, पण गेलेलं परत येणार नाही आणि राहिलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. काका मासळीच्या गाळ्यावर अजून जात होते, पण आता मासा नाकाशी धरून मान तिरकी करायचे. ती चिनी बाई आता चेष्टा करत नव्हती.

डिसेंबरात काकूंचा फोन आला. "एकटे जायचं म्हणताहेत. शेवटचं. यांना विमानतळावरचं गेट दिसत नाही, पक्षी कुठला दिसणार? तू जातोस का रे बरोबर?"

मी रजा टाकली.

तिथला वनरक्षक पन्नाशीचा होता, काकांना इतक्या वर्षांत चांगला ओळखत होता. "आओ, सिंगापूरवाले बाबूजी," म्हणत त्याने त्यांचा हात धरून जीपमध्ये बसवलं. पहिले दोन दिवस आम्ही सेवण गवताच्या त्या पिवळ्या सपाटीवर नुसते फिरलो. एखादं खेजडीचं झाड, पुन्हा गवत, पुन्हा वाळूची टेकडी. लांब क्षितिजाला पवनचक्क्या आणि विजेच्या तारा. रक्षक म्हणाला, पक्षी जड आहे, समोरचं त्याला नीट दिसत नाही, तारेवर आदळतो. काका म्हणाले, "इसको भी बीच में नहीं दिखता?" आणि एकटेच हसले.

चिंकारे दिसले. म्हणजे मला दिसले. मी सांगितलं तर काका म्हणाले, "हो, हलताना काठाने कळलं. दोन ना?" तीन होते. मी तीन म्हणालो. त्यांनी वहीत काहीच लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षकाने जीप थांबवली, इंजिन बंद केलं आणि पुटपुटला, "बाबूजी. गोडावण. खेजड़ी के बाएँ." गोडावण म्हणजे तिकडचं माळढोकाचं नाव.

मी पाहिला. गवताच्या वर मान, मान उंच, अगदी स्थिर. नंतर पूर्ण बाहेर आला.

काकांनी दुर्बीण लावली, काढली. मान डावीकडे तिरकी केली, उजवीकडे केली. माशाकडे बघायचे तशी. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. समोर शंभर पावलांवर तो उभा होता, आणि ते ज्या ज्या जागी पाहत होते तिथेच तो नव्हता.

बऱ्याच वेळाने त्यांनी दुर्बीण मांडीवर ठेवली. "पाहिलास?"

"पाहिला."

"सांग."

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मी काळी टोपी, पांढरी मान, असंच सुरू करणार आहे. तेच शब्द, त्याच क्रमाने, त्यांच्या टेबलाशी म्हटलेले. आज खरा पाहिला तरी माझ्याकडे सांगायला तीच पाटी होती. माझे कान गरम झाले.

"काका," मी म्हटलं, "करमाळ्याला मी तो पाहिला नव्हता. पाटीवर पाहिला होता. तेव्हा मी खोटं बोललो. हा खरा पाहतोय."

रक्षकाला मराठी कळत नव्हतं, पण तो जीपमधून उतरून थोडा पलीकडे जाऊन उभा राहिला.

"ठाऊक आहे," काका म्हणाले.

"काय?"

"तू येण्याच्या दोन वर्षं आधी मी सोलापूरकडेही गेलो होतो माळढोक बघायला. करमाळ्याच्या फाट्यावर चहा प्यायला थांबलो. ती पाटी पाहिलीय मी. तू सगळं सांगितलंस, पायांबद्दल एक शब्द नाही. पाटीवर पाय गवतात आहेत."

"मग खोली का दिलीत?"

"तुझे कान लाल झाले होते. खोटं बोलताना ज्याचे कान लाल होतात तो फार दिवस खोटं बोलू शकत नाही. तू जरा जास्त वेळ घेतलास, एवढंच." मग त्यांनी डोळे मिटले. "आता पायांपासून सुरू कर."

मी पायांपासून सुरू केलं. लांब, उघडे, मळकट पिवळे. गुडघा मागे मोडतो. पाऊल उचलतो, थांबतो, जागा बघितल्यासारखं करतो, मग ठेवतो. पाठीचा रंग पाटीवर होता तसा नाही, वाळूवर चहा सांडावा तसा. पट्टा आहे, पण मधे तुटल्यासारखा. मान जाड. आता उजवीकडे चाललाय. घाई नाही. चोच जरा वर धरलीय.

"जरा म्हणजे?"

"नाक वर केल्यासारखी."

काकांनी डोळे उघडले. "आत्याबाईसारखा?"

मला हसू आलं. "हो. अगदी."

पक्षी चालत होता तोवर मी सांगत राहिलो, आणि तो टेकडीमागे गेला तेव्हा तेही सांगितलं. मग त्यांनी पिशवीतून वही काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"लिही. तारीख. ठिकाण. माळढोक: पाहिला नाही. ऐकला." मग म्हणाले, "आता पहिलं पान काढ. जिथे 'दिसला नाही' आहे. त्याखाली जागा असेल."

होती.

"तिथेही तेच लिही. साक्षीदार म्हणून तुझ्या काकूचं नाव घाल. पूर्ण."

दोन्ही ठिकाणी मी त्यांचं बोट रेघेवर ठेवलं. त्यांनी सही केली. पहिल्या पानावरची सही रेघेच्या खूप खाली उतरली.

घरी पोचलो तेव्हा काकूंनी दार उघडल्या उघडल्या आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली, नाही. काकांनी वही त्यांच्या हातात दिली आणि सोफ्यावर जाऊन बसले. काकूंनी पहिलं पान उघडलं. ते एवढंसं वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

"अक्षर कुणाचं?"

"याचं," काका म्हणाले.

"आणि सही तुमची."

"हो."

"पाहून केलीत की ऐकून?"

"ऐकून."

काकूंनी वही मिटली, पदराने पुठ्ठ्यावरची वाळू पुसली आणि चहा ठेवायला आत गेल्या. आम्ही बाहेर बसून राहिलो. काकांनी हात मांडीवर जुळवून ठेवले होते. थोड्या वेळाने आतून कपांचा आवाज आला आणि मग नेहमीचा आवाज, जरा मोठ्याने:

"गॅस बंद केला हो."

मी सवयीने पाय मागे घेतले, काकांना जायला वाट द्यायची म्हणून. काका उठले नाहीत.